अडण्याचा हक्क

पहाटे ५.००

मंडी हाऊसच्या चौकातून निघून इंडिया गेटच्या षट्कोनी रस्त्याला मिळणारा कोपर्निकस मार्ग या वेळी जवळजवळ रिकामा असतो. दूरदर्शन भवन, कमानी सभागृह, पंजाब भवन, हरियाणा भवन, जुनं महाराष्ट्र सदन, फरीदकोट हाऊसमधला राष्ट्रीय हरित लवाद. दिवस वर आला की या इमारतींपुढे वकील, अधिकारी, नाटकवाले आणि गावाकडून काम घेऊन आलेली माणसं यांची ये-जा सुरू होते. पहाटे दिसतात ते रात्रपाळीचे रखवालदार, झाडणारे कामगार आणि दुधाच्या गाड्या. इथल्याच एका राज्याच्या भवनात माझे मामा स्वयंपाकी आहेत. दिल्लीतल्या एका महाविद्यालयात गणिताची सहायक प्राध्यापक म्हणून लागल्यापासून मी मामा-मामींकडेच राहते. मामा पावणेपाचलाच भटारखान्यात गेलेले असतात. त्यांच्यामागून माझा दिवस सुरू होतो.

पाच ते सात हे दोन तास संशोधनाचे. त्या वेळात फोन बंद, संगणकही बंद. समोर फक्त कोरे कागद.

मी ज्यावर काम करते ते कुणालाही सांगता येण्यासारखं आहे. कागदावर पाच ओळी आणि पाच स्तंभ आखा. पंचवीस घरांत १ ते ५ हे आकडे असे भरा, की कुठल्याही ओळीत किंवा स्तंभात एकही आकडा पुन्हा येणार नाही. हा झाला लॅटिन चौरस. सुडोकू सोडवणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. पाचाचे असे चौरस १,६१,२८० आहेत आणि सहाचे ८१ कोटींहून जास्त. आता त्या चौरसातली पाच घरं निवडायची, प्रत्येक ओळीतून एक, प्रत्येक स्तंभातून एक, आणि त्यांतले पाचही आकडे वेगवेगळे हवेत. अशा निवडीला आम्ही ट्रान्सव्हर्सल म्हणतो. हर्बर्ट रायसर यांनी १९६७ मध्ये असा अंदाज मांडला की चौरस विषम संख्येचा असेल, तर त्यात ट्रान्सव्हर्सल सापडणारच. तो अजून पूर्णपणे सिद्ध झालेला नाही आणि खोटाही ठरलेला नाही.

त्या मोठ्या प्रश्नाचा एक लहानसा कोपरा माझा आहे. ज्या चौरसात प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर सरकलेली असते, तो घ्यायचा. त्यातला एक तुकडा काढून तिथे दुसरी मांडणी बसवायची आणि ट्रान्सव्हर्सल टिकते का ते बघायचं. तुकडा लहान असेल तर टिकते, एवढं हाती आलं आहे. तुकडा जरा मोठा झाला की युक्तिवाद एका ठराविक जागी येऊन थांबतो. आजही तो तिथेच थांबला.

सहाच्या सुमारास मामी चहा ठेवून जाते. "कालचंच गणित का गं?" ती विचारते. "कालचंच," मी म्हणते. "सुटलं की सांग, मामाला शिरा करायला लावते." गणित सुटलं नाही म्हणून या घरात कुणी मला कमी लेखत नाही. तासन् तास एका ओळीपुढे थांबून राहणं हेच माझं काम आहे आणि त्याचा मला पगार मिळतो.

सकाळी ७.३०

मंडी हाऊसहून मेट्रोची व्हायलेट लाइन. आयटीओ, दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किल्ला, काश्मिरी गेट. तिथे पिवळ्या लाइनमध्ये बसून विश्वविद्यालय. महिलांच्या डब्यात बसायला जागा मिळाली, की पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढते.

प्रत्येक तासाच्या शेवटी मी विद्यार्थ्यांकडून एक चिठ्ठी मागते. नाव लिहिलं तरी चालेल, नाही लिहिलं तरी चालेल. त्यावर एकच गोष्ट लिहायची, आज कुठे अडलं. "काही समजलं नाही" एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या ओळीपर्यंत समजलं आणि कुठल्या ओळीपासून सुटलं, ते लिहायचं. पहिल्या महिन्यात बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या येतात. अडलेलं सांगितलं की आपण ढ ठरतो, हे मुलं शाळेत शिकून आलेली असतात. दुसऱ्या महिन्यात चिठ्ठ्या बोलू लागतात. आजच्या गठ्ठ्यात एकीनं लिहिलं आहे, "उपसमूहाची व्याख्या पाठ आहे. पण ती व्याख्या तशीच का केली, हे कळत नाही." हा तक्रारीचा सूर नाही. गणिताचं खरं शिक्षण या प्रश्नापासून सुरू होतं.

सकाळी ९.००

दुसऱ्या वर्षाचा ग्रुप थिअरीचा तास. वर्गात दिल्लीच्या इंग्रजी शाळांतली मुलं आहेत. बिहार, हरियाणा, उत्तर प्रदेशातल्या सरकारी शाळांतून बारावीपर्यंत हिंदीत गणित शिकलेलीही आहेत. कुणाला जन्मापासून घरात शिकवणारं माणूस मिळालं, तर कुणाच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी हीच पहिली पिढी. फळ्यावर मी इंग्रजीत लिहिते आणि बोलते हिंदीत. प्रश्न कुठल्याही भाषेत विचारायची मोकळीक आहे.

आज मी त्यांच्यापुढे चार तासांचं घड्याळ ठेवलं. त्यात ०, १, २, ३ एवढेच आकडे आहेत आणि ३ नंतर पुन्हा ० येतो. या घड्याळातल्या बेरजेचा तक्ता मांडला की ओळी आणि स्तंभ बघूनच कळतं, हा लॅटिन चौरस आहे. मग विचारलं, यात ट्रान्सव्हर्सल आहे का?

दहा मिनिटं कुणी काही सांगायचं नाही, फक्त शोधायचं. वर्गात पेन्सिलींचा आवाज. तीन घरं सगळ्यांना सापडतात, चौथं कुणालाच नाही. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, नसेलच." मी म्हटलं, "नसेल तर ते का नाही, हे सांगायचं." ते असं. निवडलेल्या चार घरांत चारही ओळी एकेकदा येतात आणि चारही स्तंभ एकेकदा येतात. प्रत्येक घरातला आकडा म्हणजे ओळीचा आकडा अधिक स्तंभाचा आकडा. तर चार घरांची एकूण बेरीज सहा अधिक सहा, म्हणजे बारा, आणि या घड्याळात बारा म्हणजे शून्य. पण चारही आकडे वेगवेगळे असतील तर त्यांची बेरीज ० अधिक १ अधिक २ अधिक ३, म्हणजे सहा, आणि सहा म्हणजे दोन. शून्य आणि दोन एकच कसे असतील? म्हणून अशी निवड असूच शकत नाही. घड्याळ सहाचं घ्या, दहाचं घ्या, कुठलंही सम घ्या, हीच अडचण उभी राहते. पाचाच्या घड्याळात ती येत नाही आणि तिथे कर्णावरची पाच घरं सरळ चालतात.

ही सिद्धता सांगायला दोन मिनिटं लागतात. मी ती सुरुवातीलाच सांगितली असती तर सगळ्यांनी उतरवून घेतली असती. दहा मिनिटं शोधून हात टेकल्यावर ती समोर आली, तेव्हा वर्गात दोघी-तिघी एकदम "अरे!" म्हणाल्या. त्या उद्गारासाठी दहा मिनिटं खर्च करायची तयारी शिकवणाऱ्यानं ठेवायला हवी.

सकाळी ११.००

प्रश्न सोडवण्याचा तास. चौघा-चौघांचे गट. गट मी ठरवते आणि दर महिन्याला बदलते. नियम तीन. पेन ज्याच्या हातात आहे त्यानं स्वतःच्या मनचं लिहायचं नाही, दुसरा सांगेल ते लिहायचं. उत्तर कुणी कुणाला द्यायचं नाही, पुढचा प्रश्न मात्र द्यायचा. आणि चौघांपैकी कुणालाही फळ्यावर बोलावलं तरी त्याला सांगता आलं पाहिजे.

या पद्धतीमागे एक अभ्यास आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये यूरी ट्राइझमन यांना दिसलं, की कलनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडतात. ते कष्ट करत नाहीत, त्यांची तयारी कच्ची आहे, घरून पाठिंबा नाही, अशी स्पष्टीकरणं सगळ्यांच्या तोंडी होती. ट्राइझमन विद्यार्थ्यांमध्ये जाऊन राहिले, बघत राहिले. ही मुलं भरपूर कष्ट करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाचे विद्यार्थी संध्याकाळी एकत्र बसायचे, एकमेकांची उत्तरं तपासायचे आणि कुठला प्रश्न खरोखर अवघड आहे हे त्यांना एकमेकांकडून कळायचं. एकटा बसलेला विद्यार्थी अडला की त्याला वाटायचं, खोट माझ्यातच आहे. ट्राइझमन यांनी सुरू केलेल्या कार्यशाळांत सोप्या उजळणीला जागा नव्हती. तिथे नेहमीपेक्षा अवघड प्रश्न होते, आणि सोबत होती. त्या मुलांचे निकाल झपाट्यानं सुधारले.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की मागे राहिलेल्या मुलांना सोपं गणित देणं ही दया दिसते, पण तिच्यामुळेच दरी कायम राहते. ज्या मुलाला कधी अवघड प्रश्नच दिला नाही, त्याला अवघड प्रश्नापुढे टिकून राहायची सवय कशी लागणार? समान शिक्षण म्हणजे समान पुस्तक आणि समान पेपर एवढंच नव्हे. अडल्यावर मिळणारा वेळ आणि अडल्यावर मिळणारी सोबत या दोन गोष्टींचीही समान वाटणी व्हायला हवी.

आज एका गटात पेन हातात असलेल्या मुलीला बाकीचे तिघं सांगत होते आणि ती मध्येच थांबून म्हणाली, "हे मी लिहिणार नाही, कारण हे खरं नाही." सप्टेंबरपर्यंत ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिचं म्हणणं बरोबर होतं. तिघांना पटायला पंधरा मिनिटं लागली, आणि ती पंधरा मिनिटं ती एकटी बोलत होती.

दुपारी १.००

डबा खाताना शिफारसपत्रं लिहिते. या दिवसांत विद्यार्थी उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज करतात. त्यांतला एम.टी.टी.एस. हा कार्यक्रम मुंबई विद्यापीठातले एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केला. तिथे शिक्षक व्याख्यान कमी देतात आणि प्रश्न जास्त विचारतात. विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभं करतात आणि त्याचा विचार त्याच्याकडूनच पुढे नेतात.

एम.एस्सी.ला असताना मीही तिथे गेले होते. परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मी, तोवर गणित म्हणजे सोडवलेली उदाहरणं पुन्हा सोडवणं असंच समजत होते. शाळेतल्या गुरुजींनी मंगला नारळीकरांचं 'गणितगप्पा' वाचायला दिलं होतं, म्हणून विषयाची ओढ होती. पण प्रश्न स्वतः विचारायचा असतो हे त्या उन्हाळ्यात कळलं. नारळीकरबाईंचं उदाहरण मी विद्यार्थिनींना नेहमी सांगते. लग्न, मुली, घर, परदेशातली वर्षं हे सगळं सांभाळून त्यांनी १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांसाठी वर्षानुवर्षं काम केलं. संशोधन आणि प्राथमिक शाळेचं गणित यांत त्यांना उच्चनीच दिसलं नाही.

आजचं पत्र ज्या विद्यार्थ्यासाठी आहे, तो मुखर्जी नगरात चौघांत एक खोली घेऊन राहतो आणि रात्री शिकवण्या घेतो. त्याच्या गुणांबद्दल दोन वाक्यं पुरतात. तो एका प्रश्नावर तीन आठवडे टिकून राहिला आणि शेवटी त्यानं स्वतःचा रस्ता काढला, हे मी सविस्तर लिहिते. निवड करणाऱ्यांना ते कळायला हवं. शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली तर शिकवण्यांचे ते तास त्याला गणितासाठी मिळतील. पुढे संशोधनाकडे वळलं तर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या शिष्यवृत्त्या आहेत. देशभरासाठी नेट-जेआरएफ आहे, ज्याची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. या पैशानं माणूस गणितासाठी वेळ विकत घेतो, आणि ज्याच्या घरात तो वेळ नसतो त्याला त्याची किंमत ठाऊक असते.

दुपारी २.३०

ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून पुण्याच्या सहकाऱ्याशी व्हिडिओवर बोलणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिचर्ड माँटगोमेरी यांनी सिद्ध केलं, की पुरेशा मोठ्या कुठल्याही लॅटिन चौरसात पूर्ण ट्रान्सव्हर्सल नसली, तरी एक घर कमी असलेली निवड नक्की मिळते. त्या लेखातली एक युक्ती आमच्या कामी येईल असं आम्हाला वाटतं. आधी थोडी राखीव घरं बाजूला ठेवायची, उरलेल्या भागात जमेल तेवढी निवड करायची आणि शेवटी राखीव घरांच्या मदतीनं अडचणी मिटवायच्या.

आज सहकाऱ्यानं सातच्या चौरसाची सगळी लहान उदाहरणं संगणकावर तपासून आणली होती. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. सकाळी मी ज्या ठिकाणी थांबले होते, तिथे तुकड्याचा आकार किती हे महत्त्वाचं नसून तो कुठे बसतो हे महत्त्वाचं आहे. सिद्धता अजून दूर आहे, पण प्रश्न बदलला. संशोधनातला चांगला दिवस बहुतेक वेळा असाच असतो. उत्तर मिळत नाही, पण काल चुकीच्या दारावर थाप मारत होतो हे कळतं आणि योग्य दार दिसतं.

पावणेपाचपर्यंत आम्ही दोघं त्या नव्या प्रश्नावर अडलो होतो. दोघं अडलो की अडणं हलकं होतं. मुलांना गटात बसवते ते याच अनुभवातून.

संध्याकाळी ५.३०

पुन्हा मंडी हाऊस. नाट्य विद्यालयातली मुलं चहाच्या टपऱ्यांवर संवाद म्हणत उभी असतात, कमानीबाहेर संध्याकाळच्या कार्यक्रमाची रांग लागत असते. मी कोपर्निकस मार्गानं सरळ मामांच्या भवनावर जाते. दुपारचा चहा आणि रात्रीचं जेवण यांच्यामध्ये तिथलं भोजनगृह दोन तास रिकामं असतं. व्यवस्थापकांनी ते आम्हाला वापरू दिलं आहे. जमिनीवर सांडायचं नाही आणि साडेसातला टेबलं पुसून द्यायची, एवढी त्यांची अट.

मुलं पाचवी ते दहावीची. स्वयंपाकी, वाहनचालक, रखवालदार, सफाई कामगार, शेजारच्या भवनांतले शिपाई यांची. बोलणं हिंदीत, मधूनच मराठी, गढवाली, भोजपुरी. मला सगळे दीदी म्हणतात.

आज पत्त्यांचा जोड आणला होता. आधी चारच पत्ते घेतले, इस्पिक आणि बदाम यांचे एक्का आणि दुर्री. दोन ओळी, दोन स्तंभ. प्रत्येक ओळीत आणि स्तंभात एक्काही हवा आणि दुर्रीही, इस्पिकही हवं आणि बदामही. पाच मिनिटांत गोंधळ उडाला. सातवीतली एक मुलगी उभी राहिली. "दीदी, होणारच नाही. इस्पिकचा एक्का इथे ठेवला, की त्याच्या शेजारी बदामची दुर्रीच लागते. आणि खालीही बदामची दुर्रीच लागते. पण ती तर एकच आहे!" ही पूर्ण सिद्धता आहे. तिच्यात एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. मी ती फळ्यावर लिहिली आणि तिच्याकडूनच सगळ्यांना पुन्हा सांगून घेतली.

मग तीन रंगांचे एक्का, दुर्री, तिर्री. नऊ पत्ते. हे जमलं, आणि वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळ्या तऱ्हेनं जमलं. मग सोळा पत्ते: चार रंगांचे एक्के, राजे, राण्या आणि गुलाम. इथे सगळी टेबलं अडली.

कोपऱ्यातल्या टेबलावर सहावीतला एक मुलगा बसतो. त्याचे वडील रात्रपाळीला रखवालदार आहेत. शाळेत त्याला कमजोर मुलांच्या रांगेत बसवतात, हे त्यानंच मला सांगितलं होतं. तो हळू विचार करतो, आणि शाळेच्या पस्तीस मिनिटांच्या तासात हळू विचार करणाऱ्याला जागा नसते. इथे दीड तास आहे. बाकीची मुलं पत्ते लावून मोडत होती. हा हातात चारच एक्के धरून बसला होता. मी विचारलं, "काय बघतोस?" तो म्हणाला, "आधी एक्केच ठेवतो. दर ओळीत एक, दर स्तंभात एक. आणि चौघांचे रंग तर वेगळे आहेतच. मग राजे पण असेच बसतील. मग राण्या. सगळ्यांना अशीच जागा लागणार."

प्रत्येक ओळीतून एक, प्रत्येक स्तंभातून एक, आणि सगळे रंग वेगवेगळे. पहाटे मी ज्या ट्रान्सव्हर्सलपुढे थांबले होते, ती त्या मुलानं स्वतःच्या गरजेतून शोधून काढली होती. एका चौरसावर दुसरा असा बसवता येतो तो पहिल्याची घरं ट्रान्सव्हर्सलमध्ये पूर्णपणे वाटली गेली तरच, हे एम.एस्सी.च्या पुस्तकातलं विधान आहे. त्याला ते नाव माहीत नाही. कल्पना मात्र त्याची आहे. पाऊण तासानं त्याच्या टेबलावर सोळाही पत्ते बसले आणि बाकीची मुलं भोवती जमली. मी त्याला समजावून सांगायला लावलं. तो सावकाश बोलला. सगळ्यांनी थांबून ऐकलं.

संध्याकाळी ६.४५

सोळा झाल्यावर मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. पाचाचं? सहाचं? पाचाचं घरी करून बघा, म्हटलं. सहाची मात्र गोष्ट सांगितली.

सहा पलटणी, प्रत्येकीत सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी. छत्तीस जणांना चौरसात असं उभं करायचं, की दर ओळीत आणि स्तंभात सहाही पलटणी आणि सहाही हुद्दे येतील. ऑयलरनं १७८२ मध्ये लिहिलं, हे होणार नाही, आणि त्याचा अंदाज होता की दोन, सहा, दहा, चौदा अशा सगळ्याच संख्यांना ते अशक्य आहे. सहाच्या बाबतीत तो बरोबर निघाला. फ्रान्सच्या गॅस्तों तारी यांनी १९०० च्या सुमारास सगळ्या शक्यता हातानं तपासून ते दाखवलं. दहा आणि त्यापुढच्या संख्यांचा प्रश्न मात्र १७७ वर्षं तसाच राहिला.

१९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी दाखवलं, की दोन आणि सहा सोडून सगळीकडे हे जमतं. त्या वर्षी २६ एप्रिलला ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. श्रीखंडे सागरमध्ये जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले, आणि २०२० मध्ये वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी गेले. बोस याच दिल्लीत, हिंदू कॉलेजात शिकले. १९१८ च्या साथीत त्यांची आई गेली, पुढच्याच वर्षी वडील गेले, आणि त्या परिस्थितीत त्यांनी शिक्षण सोडलं नाही.

मुलांना यातलं सगळ्यात काय आवडलं? ऑयलरचा अंदाज चुकला, हे. इतका मोठा माणूस चुकू शकतो, आणि त्याची चूक पावणेदोनशे वर्षांनी भारतात वाढलेली दोन माणसं दाखवून देतात. एका मुलीनं विचारलं, "मग शाळेत आम्ही चुकलो की लाल शाई का?" तिला मी सांगितलं, लाल शाई चुकीच्या उत्तराला असते, विचाराला नसते. आणि तुझ्या वहीत विचार कुठे आहे ते शिक्षकांना दाखव.

संध्याकाळी ७.१५

टेबलं पुसताना एक वाहनचालक दादा दारात उभे होते. त्यांचा मुलगा आमच्यात येतो. "मॅडमजी, ताश के पत्तों से आगे क्या होगा?" त्यांनी मनापासून विचारलं आणि मनापासूनच उत्तर देणं भाग होतं. त्यांची बुलंदशहरकडे थोडी शेती आहे, म्हणून शेतातूनच सांगितलं. गव्हाची चार वाणं तपासायची आहेत. शेताची एक बाजू ओली, दुसरी कोरडी. वरचा भाग कसदार, खालचा हलका. एक वाण ओल्या बाजूला पडलं तर ते चांगलं म्हणून वाढलं की पाण्यामुळे, कसं कळणार? म्हणून शेताचे सोळा तुकडे करायचे आणि प्रत्येक वाण दर ओळीत एकदा, दर स्तंभात एकदा पेरायचं. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमध्ये ही पद्धत शेतीच्या प्रयोगांत रुळवली. आपल्याकडे कृषी संशोधनात संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे होते. त्यांचं ते काम दिल्लीतच उभं राहिलं, आणि ती परंपरा पुढे नेणारी संस्था आजही पुसाला आहे. दादा म्हणाले, "ये तो हमारे काम की चीज़ है." मुलाच्या वहीतले सोळा चौकोन त्यांनी पुन्हा एकदा निरखून बघितले.

रात्री ९.३०

जेवण झाल्यावर उद्याच्या तासाची प्रश्नपत्रिका. त्याआधी थोडं वाचन. कोलंबियात जन्मलेले गणिती फेदेरिको आर्दिला यांनी २०१६ मध्ये आपल्या अध्यापनाची काही गृहीतकं मांडली होती. त्यांतलं पहिलं असं, की गणिताची क्षमता सगळ्या समाजगटांत सारखीच पसरलेली आहे. हे गृहीतक धरलं की वर्गातल्या प्रत्येक शांत मुलाकडे बघण्याची नजर बदलते. क्षमता आहे, ती दिसत का नाही, याचं उत्तर शिकवणाऱ्यानं द्यायचं असतं.

आपल्या भूमीत हे फार पूर्वी सांगून झालं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सरकारला विचारलं, की रयतेच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष का होतं. भोजनगृहातल्या दीड तासानं ही विषमता मिटणार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. त्यासाठी शाळांत पुरेसे शिक्षक हवेत, शिक्षकांना गणिताव्यतिरिक्तच्या कामांतून मोकळीक हवी, वसतिगृहं हवीत, वेळेवर शिष्यवृत्त्या हव्यात. पण गणित शिकलेल्या प्रत्येकाला आपल्या भागात एक टेबल, चार मुलं आणि एक खरा अवघड प्रश्न एवढी सोय करता येते. आणि उत्तर सांगण्याची घाई आवरता येते. हे आज करता येण्यासारखं आहे, म्हणून ते आजच करायला हवं.

उद्याच्या प्रश्नपत्रिकेतला पहिला प्रश्न मला संध्याकाळीच मिळाला. टेबलं पुसून झाल्यावर त्या सहावीतल्या मुलानं विचारलं होतं, "दीदी, चार एक्के नियमानं कुठेही ठेवले, तरी बाकीचे बारा पत्ते दर वेळी बसतीलच का?" उत्तर सुंदर आहे आणि ग्रुप थिअरीच्या विद्यार्थ्यांना ते सापडायला हवं, तेही गटात, वेळ घेऊन. मी प्रश्न त्याच्याच शब्दांत टाइप केला आणि शेजारी कंसात त्याचं नाव घातलं. रायसर यांच्या अंदाजाशेजारी रायसर यांचं नाव छापतात, त्याच न्यायानं.